वरच्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,

राम कृष्ण हरी.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. "असू दे गं" म्हणता आणि लगेच "जेवलीस का?" विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. त्या संध्याकाळी तुम्ही जिना उतरून आमच्या घरी आलात आणि जे बोललात, ते आमच्या मंडळीतल्या लोकांनाही कळायला हवं.

आम्हा ख्रिस्ती लोकांत 'पाचारण' म्हणतात. देव एखाद्याला नाव घेऊन कामाला बोलावतो, ते पाचारण. 2023 साली माझं बी.कॉम. संपलं आणि त्याच पावसाळ्यात एका रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या यशयाचा सहावा अध्याय वाचला गेला. देव विचारतो, मी कोणाला पाठवू? लहानपणापासून ऐकलेलाच तो उतारा, पण त्या दिवशी गीतपुस्तक धरलेल्या हातांना घाम फुटला. महिनाभर मी मर्सी शिप्स या संस्थेच्या जहाजांबद्दल वाचत होते. 1978 साली ख्रिस्ती विश्वासातून सुरू झालेलं हे काम. त्यांचं 'ग्लोबल मर्सी' हे 174 मीटर लांबीचं रुग्णालय-जहाज त्या ऑगस्टमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात लागलं होतं. आत सहा शस्त्रक्रियागृहं, आणि रुग्णाकडून एक पैसा घ्यायचा नाही. तिथे सर्जनही स्वयंसेवक आणि ताटं विसळणाराही स्वयंसेवक. मला परिचारिकेचं काम येत नव्हतं, ताटं विसळता येत होती.

पप्पांना सांगितलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. पगार नाही, हे त्यांनी कसंबसं पचवलं. पण राहण्या-खाण्याचे पैसे दर महिन्याला आपणच भरायचे, हे ऐकून ते उठूनच गेले. देणगीदारांचा पैसा ऑपरेशनांना लागावा म्हणून तिथे प्रत्येक जण स्वतःचा खर्च स्वतः उचलतो, हे मी दाराआडून सांगत राहिले. बिनलग्नाची मुलगी, एवढ्या लांब, एकटी! मी सिंथिया फॅरार बाईंचं नाव काढलं. 1827 साली त्या अशाच एकट्या, अविवाहित, अमेरिकेहून निघाल्या होत्या. आपल्या नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले आणि 1862 साली त्या नगरलाच वारल्या. पप्पा म्हणाले, "त्या बाईंच्या वडिलांना कोणी विचारलं होतं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

तुम्ही आधी मला गच्चीवर बोलावलंत. मला वाटलं समजूत घालाल. तुम्ही एवढंच विचारलंत, "ही ओढ घरात भांडण झाल्यावर वाटते, की सगळं बरं चाललेलं असतानाही?" मी खूप वेळ गप्प राहिले. खरं सांगते काका, तोवर मलाच धास्ती होती की पाचारणाच्या नावाखाली मी नोकरी-लग्नापासून पळ काढतेय. पण ती ओढ सणाच्या दिवशीही होती, मैत्रिणींबरोबर हसतानाही होती. "मग खरी आहे," तुम्ही म्हणालात. आमच्या पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली होती, त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत. पण हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

मग तुम्ही पप्पांपुढे बसलात. गळ्यात माळ, हातात मम्मीने दिलेला चहा, तो तसाच निवत चाललेला. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टरकी केली, म्हणालात. आषाढीला जादा गाड्या सुटणार, म्हणजे कंडक्टरला रजा नाही. दरवर्षी गाडी भरभरून माणसं पंढरपूरला नेली आणि स्वतः स्टँडवरूनच कळसाच्या दिशेने हात जोडून पुढची फेरी धरली. "हाक आली तेव्हा मी रजेचे अर्ज भरत बसलो, साहेब. निवृत्त झालो, मग निवृत्तिनाथांच्या दिंडीत चाललो. तोवर गुडघे गेले होते. पोरीचे गुडघे चांगले आहेत तोवर जाऊ द्या तिला."

पप्पा काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी माझा पासपोर्ट कुठे आहे ते विचारलं.

पीतज्वराच्या लशीसाठी मुंबईला तुम्हीच माझ्याबरोबर आलात. परतताना एक पाकीट दिलंत. त्यात अकरा हजार रुपये होते, आणि प्रत्येक नोट उभी दुमडलेली, कंडक्टर बोटांत धरतात तशी. एसटीची पेन्शन किती असते ते मला माहीत आहे, काका. तुम्ही ते कधी बोलणार नाही, म्हणून मी इथे लिहिते.

जानेवारी ते मे मी जहाजाच्या भोजनगृहात होते. भांडी, टेबलं, भाताची मोठमोठी पातेली. तिथली माणसं म्हणतात, भात खाल्ला नाही तर जेवलोच नाही. ऐकून मला आपल्या वाड्याची आठवण झाली. काम संपलं की वॉर्डात जाऊन रुग्णांपाशी बसता यायचं. एक बाई होत्या, जबड्यावर गाठ वाढलेली, चेहऱ्यावरून ओढणी कधी हटवत नसत. मी तिथल्या क्रिओ भाषेत विचारायचे, "आव दि बॉडी?", शरीर कसं आहे? त्या नुसती मान हलवायच्या. ऑपरेशननंतर पट्ट्या निघाल्यावर एका दुपारी माझ्याआधी त्यांनीच मला विचारलं, "आव दि बॉडी?" ओढणी मांडीवर घडी करून ठेवलेली होती.

जहाजावर रक्तपेढी म्हणजे आम्हीच. गरज पडली की त्या गटाच्या कर्मचाऱ्याला बोलावतात. एका रात्री मला बोलावलं. ते रक्त कोणाला गेलं ते मला ठाऊक नाही. त्या रात्री बंकवर पडल्यावर तुमच्या गुडघ्यांची आठवण झाली, का ते सांगता येणार नाही.

तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. त्या देशात मुसलमान जास्त, ख्रिस्ती कमी, पण एकाच घरात दोन्ही सापडतात. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून काम करणारा स्थानिक मुलगा मुसलमान होता, त्याची आई चर्चला जाणारी. मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. ना. वा. टिळकही सांगितले, जे तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. त्याला यात नवल असं काही वाटलं नाही. त्याने तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली.

काका, तुमचा विठ्ठल माझा नाही आणि माझा ख्रिस्त तुमचा नाही, हे आपण दोघांनी कधी झाकलं नाही. तरीही माझ्या देवाची हाक खरी आहे हे घरात सगळ्यांत आधी तुम्ही ओळखलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

पाकिटातली एक नोट मी खर्च केली नाही. ती माझ्या पवित्र शास्त्रात यशयाच्या सहाव्या अध्यायापाशी आहे, अजून उभी दुमडलेलीच. यंदा दिंडी नगरात येईल तेव्हा मी रस्त्यावर चहाची किटली घेऊन उभी असेन. तुम्ही चालत या किंवा गाडीतून. थांबा मात्र नक्की.

तुमची,
खालच्या मजल्यावरची पोर