लष्करी अळीपायी मित्रकीटकांचा बळी
महोदय,
अमेरिकेतील लष्करी अळी 2018 मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि पाठोपाठ मराठवाड्यातील मका, ज्वारीच्या पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या गाभ्यात, शिरली. पिकाच्या नुकसानीवर सगळे बोलतात. पण तिच्यासाठी होणाऱ्या फवारण्यांत आपले ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) मरतात, त्याचे काय? ज्वारीवरचा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हेच फस्त करतात. ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशी तर या अळीची अंडीच संपवते, तीही वाचत नाही; मधमाश्यांची गत तीच. शिवाय अळी पोंग्यात दडलेली, वरचे औषध तिच्यापर्यंत नीट पोचतही नाही! कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा शेतात सोडायचे कार्ड) आणि मित्रबुरशी (अळीला रोग लावून मारणारी बुरशी) गावच्या कृषी सेवा केंद्रात पेरणीआधीच मिळतील, अशी व्यवस्था कृषी विभागाने करावी.
– एक शेतकरी, जि. परभणी