आरोग्यमंत्री साहेब, माझा एक्सरे नॉर्मल आहे! (खुलं पत्र)

मा. आरोग्यमंत्री साहेब,

स.न.वि.वि. पत्रास कारण की, सरकारी हॉस्पिटलातल्या ज्या एमआरआय मशीनची तुम्ही फीत कापलीत ती अजून बंदच आहे. 'महिन्याभरात रुग्णांच्या सेवेत' हे तुमचेच शब्द. काल परत विचारायला गेले तर दाराला कुलूप आणि वर कागद, तंत्रज्ञ उपलब्ध नाही.

मला त्या मशीनचं एवढं काय पडलंय ते सांगते. जिना उतरताना पाय रोवलेला राहिला, अंग वळलं आणि डाव्या गुडघ्याची वाटी सरकून बाहेरच्या अंगाला जाऊन बसली. किंचाळत कसाबसा पाय सरळ केला तेव्हा खटकन आत आली. थोड्या वेळात गुडघा टम्म. कॅज्युअल्टीत एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, क्रेप बँडेज, गोळ्या, आराम करा ताई, या आता. केसपेपरवर 'एक्सरे नॉर्मल'.

साहेब, एक्सरेत हाड दिसतं. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसत नाही, हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंटही नाही. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं एक लिगामेंट असतं, एमपीएफएल म्हणतात, वाटी पहिल्यांदा निखळली की शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांचं ते फाटतं. शिवाय वाटी जाता-येता मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेवर आपटते, तिथली नाहीतर वाटीचीच कूर्चा खरवडते, कधी हाडासकट टवकाच उडतो. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती आपली आपण नीट भरून येत नाही. हे मला पेशंट असून कळलं, तुमच्या खात्याला कधी कळणार?

सूज उतरेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. पाणी कसलं, नुसतं रक्त, आणि ट्रेमध्ये ठेवल्यावर त्याच्यावर चरबीचे बारीक थेंब तरंगायला लागले. डॉक्टर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, हे हाडाच्या मज्जेतून येतं, आत काहीतरी तुटलंय, एमआरआय लगेच करा. लगेच! तुमच्याकडे कुलूप, दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलात ही लांब वेटिंग. शेवटी उसने पैसे घेऊन बाहेरून केला तेव्हा लिगामेंट फाटलेलं आणि नखाएवढा तुकडा सांध्यात मोकळा फिरतोय. ताजा असता तर परत बसवता आला असता म्हणे, आता काढून टाकायचा. चालताना मधेच गुडघा अडकतो, रात्री कूस बदलायची म्हणजे आधी हाताने पाय उचलून ठेवायचा, जिना दिसला की पोटात गोळा येतो. ऑफिसात रजा मागितली तर साहेब विचारतात, एक्सरे तर नॉर्मल आहे ना? बरोबर आहे, तुमच्याच शिक्क्याचा कागद आहे तो.

आणि वाटी पुन्हा निखळायची भीती वेगळीच. कुठे १५ टक्के लिहिलंय, कुठे ४४, कोणी म्हणतं तिघांतल्या एकाची. वय कमी तेवढा धोका जास्त, म्हणजे शाळेत खेळणारी पोरं यात आधी सापडणार. त्यांनाही क्रेप बँडेजच देणार का? फिजिओची पोस्ट पण रिकामीच आहे, मांडीचे स्नायू आम्ही काय तुमची भाषणं ऐकून बळकट करायचे?

पण पोस्ट भरायला फीत लागत नाही ना, त्यामुळे फोटो येत नाही. सगळीकडे तेच चाललंय, इमारत आहे माणूस नाही, मशीन आहे चालवणारा नाही, निवडणूक आली की त्याच मशीनला परत हार घालणार.

तंत्रज्ञ नेमा, फिजिओ नेमा, आणि वाटी निखळून गुडघ्यात रक्त साचलेला पेशंट नुसत्या एक्सरेवर घरी पाठवायचा नाही असं लेखी काढा. आणि हो, पोर्टलवर माझी तक्रार 'निकाली' दाखवतेय, कोणी काढली आणि काय करून काढली तेवढं कळवा.

आपली,
एक नॉर्मल पेशंट