एलईडीचे दिवे कधी विझणार?

महोदय,

मालवण किनाऱ्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचे मोठे जाळे, ओढतो. होडी-जाळे सामाईक; दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, थकलेल्या म्हाताऱ्यालाही. रात्री मात्र समोर समुद्रात मासेमारी नौकांवरच्या एलईडी दिव्यांचा झगमगाट दिसतो. उजेडाला भुलून आलेला बांगडा, म्हाकुल बोटभर पिल्लांसकट उपसला जातो. केंद्राने 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, राज्याने 2021 मध्ये दंड वाढवला, दिवे पेटतातच. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद ठेवायची ती मासळीची वीण व्हावी म्हणून, आणि तीच पिल्ले पुढे मूठभर लोकांनी ओरबाडायची? हा दर्या कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नाही. काळोख्या रात्री दिव्यांवर मासळी जास्त जमते, तेव्हा गस्तीनौका अमावास्येच्या आसपास समुद्रात हवी. पकडलेल्या नौकेवरचे जनरेटर, दिवे परत देऊ नयेत.

– एक रापणकर, मालवण (जि. सिंधुदुर्ग)