लष्कराचा निकाल शाळेला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धार्मिक परेडच्या, म्हणजे तुकडीने एकत्र उपासनेला जाण्याच्या वेळी देवळाच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटला लष्कराने मार्च २०२१ मध्ये सेवेतून काढले. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० मे २०२५ रोजी ती कारवाई योग्य ठरवली आणि २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तेव्हापासून ‘नोकरीत धर्म चालत नाही, न्यायालयानेच सांगितले’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. या निकालातून एवढा व्यापक नियम निघत नाही. तो तसा वापरला गेला तर त्याची झळ साध्या शिक्षकांना आणि कामगारांना बसेल, म्हणून हे पत्र.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला सैन्यदले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्यातील व्यक्तींचे मूलभूत हक्क कायद्याने मर्यादित करण्याचा अधिकार देतो. सैन्य अधिनियम, १९५० त्याच चौकटीतला आहे आणि त्याच्या कलम ४१ नुसार वरिष्ठांचा कायदेशीर आदेश मोडणे हा गुन्हा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा न मानता आदेशपालनाचा मानला तो या पायावर. हा अधिकारी शीख जवानांचे नेतृत्व करत होता. तुकडीच्या श्रद्धेपासून तिच्या प्रमुखाने अंतर राखले तर लढाईच्या वेळी एकजूट टिकेल का, हा विचारही त्यामागे होता. निकाल पटो वा न पटो, शाळेत किंवा बँकेत अनुच्छेद ३३ लागू नाही, रणांगणही नाही.

आता आपल्याच राज्यातले उदाहरण पाहा. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी आदराने उभे राहत, पण हात जोडत नसत. एवढ्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला: हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. अनुच्छेद २८(३) मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत जाणाऱ्या कोणावरही धार्मिक उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करू देत नाही, आणि तो विद्यार्थ्यांइतकाच शिक्षकांनाही उपयोगी पडतो. त्याआधी १९८६ मध्ये केरळच्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले होते. ती मुले राष्ट्रगीताला उभी राहत, फक्त गात नसत.

या निकालांमधला खरा फरक मात्र चर्चेत येत नाही. बिजो इमॅन्युएल प्रकरणात न्यायालयाने श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढे पाहिले. लष्कराच्या प्रकरणात ही गोष्ट त्या धर्मात अत्यावश्यक आहे का, असे विचारले गेले आणि स्थानिक पाद्रींनी आत जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले होते, ही बाब अधिकाऱ्याच्या विरोधात गेली. दाढी ठेवू द्यावी म्हणून हवाई दलातील एका मुस्लिम कर्मचाऱ्याने केलेल्या प्रकरणात १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयात हेच घडले. हवाई दलाचा नियम ४२५ धर्माने केस कापण्यास वा दाढी करण्यास मनाई असलेल्यांना सूट देतो. तशी मनाई आपल्या धर्मात आहे हे अर्जदाराला दाखवता आले नाही आणि तो हरला. पहिल्या कसोटीत माणसाच्या अंतःकरणाची परीक्षा होते, दुसरीत धर्मग्रंथांची. माझ्या मते नोकरीच्या वादात पहिलीच न्याय्य आहे, कारण शिस्तभंगाच्या चौकशीत बसलेला विभागीय अधिकारी धर्मशास्त्राचा निवाडा करण्यास पात्र नसतो.

खासगी कंपनीत स्थिती आणखी बिकट आहे. धर्मस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद २५ शासनाविरुद्ध चालतो, मालकाविरुद्ध नाही. अपंग कर्मचाऱ्यासाठी कामाच्या जागी वाजवी सोय करण्याची संकल्पना २०१६ च्या कायद्याने आणली, धर्मासाठी असा कोणताही केंद्रीय कायदा नाही. अमेरिकेत १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकावर अशी सोय करण्याचे बंधन आहे. ती नाकारायची तर आपल्या धंद्याच्या मानाने भरीव जादा खर्च पडतो हे मालकाने दाखवले पाहिजे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रविवारी टपाल वाटण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात ठरवले. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना या हक्काचा आधार आहे, इथल्यांना नाही.

इथल्या खासगी कामगाराला उरतो तो स्थायी आदेशांचा, म्हणजे आस्थापनेच्या लेखी सेवानियमांचा आधार. वरिष्ठांचा ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेश जाणूनबुजून मोडणे हे गैरवर्तन, अशी आदर्श स्थायी आदेशांची भाषा आहे. तिच्यातल्या ‘वाजवी’ या शब्दावर वकिलांनी जोर द्यायला हवा. प्रत्यक्षात तो मुद्दा चौकशीपर्यंत पोहोचतच नाही. कामगार तोंडी नकार देतो, रागाने घरी जातो, आणि आरोपपत्र येते ते ‘विनापरवाना गैरहजेरी’चे. गैरहजेरी सिद्ध करायला हजेरीपट पुरतो. श्रद्धेचा विषय कागदावर येतच नाही, मग कामगार न्यायालयात तो नव्याने उभा करणे फार अवघड जाते.

म्हणून अर्ज आधी आणि लेखी. ‘माझ्या धर्माविरुद्ध काम’ असे मोघम लिहू नये. नेमकी कोणती कृती, कोणत्या वेळी, आणि तिच्याऐवजी आपण काय करू शकतो हे लिहावे. पाळी बदलून हवी असेल तर बदलीस तयार सहकाऱ्याची लेखी संमती जोडावी. आवक क्रमांकासह पोच घ्यावी. निर्णय होईपर्यंत कामाच्या जागी हजर राहून उरलेले सगळे काम करावे. आदेश तोंडी असेल तर तो लेखी मागावा. निलंबन झालेच तर पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि पुढे, विलंबाला कामगार जबाबदार नसेल तर, ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळतो. तो मागण्यास संकोचू नये.

व्यवस्थापनाने तीन गोष्टींची उत्तरे लेखी द्यावीत: ही कृती त्या पदाच्या कर्तव्यसूचीत आहे का, दुसरा कोणी ती करू शकतो का, आणि केल्यास त्याच्यावर किती भार पडतो. प्रार्थनेला हात जोडणे कोणत्याही गणिताच्या शिक्षकाच्या कर्तव्यसूचीत नसते. अतिदक्षता विभागातील परिचारिकेची रात्रपाळी मात्र असते.

श्रद्धेला मर्यादा नाहीत, असे माझे म्हणणे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविनियमांनुसार वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून गर्भपात, नसबंदी किंवा संततिनियमनास नकार देणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात डॉक्टरला सदसद्विवेकाची, म्हणजे श्रद्धेपोटी नकार देण्याची सूट आहे, आपल्याकडे नाही, आणि तालुक्यात एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या राज्यात ती नसणेच बरे. तसेच आक्षेप कृतीला नसून समोरच्या माणसाला असेल, तर त्याला सोयीचा प्रश्न म्हणताच येत नाही. दलित मुलाच्या ताटात वाढण्यास किंवा दलित रुग्णाला हात लावण्यास नकार देणाऱ्याला अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आणि नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ पुढे कोणत्याही श्रद्धेची ढाल चालत नाही.

पोलीस दलाबाबतही स्पष्टता हवी. जालन्यातील राज्य राखीव पोलीस दलाच्या एका जवानाला २०१२ मध्ये दाढी ठेवण्याची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ती मागे घेतली गेली. तो उच्च न्यायालयात हरला. परवानगी द्यायची की नाही यावर दुमत असू शकते, पण देऊन काढून घेण्याने माणूस उगाच कोर्टाची पायरी चढतो.

शालेय शिक्षण विभागाला एक ठोस विनंती. खासगी शाळा कर्मचारी कायदा, १९७७ च्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते, पण मुख्यतः बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे यांविरुद्ध. वेतनश्रेणी रोखली तर शिक्षकाला थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते आणि तो खर्च सगळ्यांना झेपत नाही. याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीत एक नियम घालावा: धार्मिक किंवा सदसद्विवेकाच्या आक्षेपाचा अर्ज आल्यास मुख्याध्यापकाने ३० दिवसांत कारणांसह लेखी निर्णय द्यावा, तोवर गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा मारू नये, आणि त्या निर्णयाविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांकडे अपील असावे. कायद्यात बदल न करता, केवळ नियमदुरुस्तीने हे करता येईल.

– सेवाविषयक प्रकरणे पाहणारा एक वकील, पुणे