आधी स्लॅब झाका, मग एसी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशकात एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा माझा तीस वर्षांचा धंदा. त्यातला बराचसा सरकारी इमारतींचा. म्हणजे पुढे जे लिहितोय, ते माझ्याच पोटावर पाय आणणारं आहे. तरी लिहितो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एका कार्यालयातून नेहमीची तक्रार आली, "एसी कूलिंग देत नाही, गॅस संपला असेल." सगळ्यात वरचा मजला, दुपारचे साडेचार. रिमोट अठरावर, पंखे फुल, फायली उडू नयेत म्हणून त्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. गॅस पुरेसा होता. मग तापमान मोजायची गन छताकडे धरली. स्लॅबची आतली बाजू ४३ अंश. खालच्या मजल्यावरचं छत ३२. एसी बिचारा काम करत होता, पण त्याच्या डोक्यावर तापलेला तवा होता. साहेब म्हणाले, "मग दीडऐवजी दोन टनाचा द्या ना!" दिला. बिल निघायला सहा महिने लागले, ते जाऊ द्या.

आपल्याकडे सरकारी इमारतीत उकडायला लागलं की एसी मंजूर होतो, छपराकडे कुणी बघत नाही. केंद्राच्या ईईएसएल कंपनीने २०१७ पासून सरकारी इमारतींत एलईडी दिवे, कमी विजेचे पंखे, चांगले एसी बसवण्याचा कार्यक्रम राबवला. २०२० पासून स्टारवाल्या नव्या एसीत २४ अंश हीच मूळ सेटिंग सक्तीची झाली. दोन्ही चांगलं. पण दिवे बदलले, पंखे बदलले, स्लॅब तोच. आणि स्लॅब तापलेला असला की माणूस रिमोट २४ वर ठेवत नाही, हे मी रोज बघतो.

मोठ्या इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आहे, २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. छतातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा त्या २०१७च्या आवृत्तीत बहुतेक इमारतींना ०.३३ होती (दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे इतके वॅट). सहा इंची उघडा स्लॅब घेतला तर त्यातून याच्या जवळपास दहापट उष्णता येते. पण ही संहिता मुख्यतः नव्या बांधकामाला लागू. नाशकातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चौकोनी इमारतींना कोण विचारणार? गंमत म्हणजे त्याहून जुन्या, कौलं आणि खाली तक्तपोशी असलेल्या ब्रिटिश काळातल्या कचेऱ्यांत आजही बरं वाटतं. पंचवटीत आमच्या आजीचा वाडा धाब्याचा होता. वर हातभर मातीचा थर. एप्रिलात तिथे दुपारी चादर घेऊन झोपायचो, आणि निफाडकडून गारठा यायचा त्या दिवसांत तीच माती ऊब धरून ठेवायची. इन्सुलेशन म्हणजे याहून वेगळं काही नाही.

काम अवघड नाही. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन-तीन इंची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), वर पातळ काँक्रीट आणि पांढऱ्या टाइलचे तुकडे, म्हणजे आपलं चायना मोझॅक. खालून पीओपीचं सीलिंग मारणं हा उपाय नव्हे. त्याने गळती तेवढी झाकली जाते. नुसता पांढरा रंग स्वस्त पडतो आणि उपयोगीही आहे (तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच केलं), फक्त धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, दरवर्षी धुवावा लागतो. आणि सरकारी गच्ची दरवर्षी कोण धुणार? सोलरलाही माझा विरोध नाही, पॅनेलखाली सावली पडते तो फायदाच. पण छत उघडं ठेवून सोलर लावणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणं.

खरी अडचण पैशाच्या हिशोबात आहे. वीजबिल एका शीर्षाखाली भरलं जातं, दुरुस्ती दुसऱ्या. ज्याने छतावर खर्च करायचा, त्याच्या पदरात बचतीतलं काही पडत नाही. एसी मात्र खरेदीतून येतो, लगेच दिसतो, फीत कापता येते. म्हणून यासाठी पैसा वेगळा काढून ठेवल्याशिवाय हे होणार नाही. जिल्हा नियोजन समितीने आणि महापालिकेने आपापल्या अंदाजपत्रकात छताच्या इन्सुलेशनसाठी स्वतंत्र तरतूद करावी. वरच्या मजल्यावर नवा एसी मागणाऱ्या कार्यालयाला आधी छताचं काय केलं, ते विचारावं. काम झालं की आधीच्या आणि नंतरच्या उन्हाळ्याची युनिटं दर्शनी भागात लावावीत. पैसा वाया गेला असेल तर तेही दिसेल. सुरुवात रुग्णालयांपासून व्हावी, जिल्हा रुग्णालय, नाशिकरोडचं बिटको. कार्यालय सहाला बंद होतं, वॉर्ड होत नाही, आणि स्लॅबने दिवसभर प्यायलेलं ऊन बाहेर पडतं ते नेमकं रात्री, पेशंट झोपतो तेव्हा.

सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात एवढी कामं निघाली आहेत. त्यात हे बसणार नाही म्हणाल, तर आणखी सोपी वाट आहे. दर दोन-चार पावसाळ्यांनी या गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचं टेंडर निघतंच. कोबा फोडायचा, नवा करायचा, मजुरी द्यायची, हा खर्च होणारच असतो. त्यात वाढते ती शीट आणि वरचा थर.

मी एसी बदलून दिला त्या कार्यालयाची गच्चीही यंदा गळत होती. दिवाळीनंतर काम निघेल, असं तिथला शिपाई म्हणाला. एस्टिमेट अजून साहेबांच्या टेबलावरच आहे, एक ओळ वाढवता येईल.

आपला,
एक जुना एसी ठेकेदार, इंदिरानगर, नाशिक