एकदा हाताने बेरीज कर

सांगली, ६ एप्रिल २०२६

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हापासून आई माझ्याशी बोललेली नाही. “पोरगी पंधरा दिवसांनी दिसली, आणि तुम्ही आकडे काढून बसलात,” एवढंच म्हणाली. तिचं खरं आहे. आज तुमच्या तिकडच्या अमेरिकन कराबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. टपालाला वेळ लागेल, म्हणून कागदाचा फोटो पाठवतो.

आत्याच्या गुडघ्याचे टाके निघाले. गच्चीचं काम अजून तसंच आहे.

पण सोनू, तू विवरणपत्राची स्क्रीन दाखवलीस तेव्हा शेड्यूल ए वर, म्हणजे वजावटींच्या तक्त्यावर, राज्याच्या आणि स्थानिक करांपुढे ३३,००० डॉलर होते. तुम्हा दोघांच्या पगारातून न्यू जर्सीचा कर कापला गेला ९,४००, आणि घरपट्टी ११,८००. जानेवारीत तूच सांगितलं होतंस. बेरीज २१,२०० होते. वरचे बरोबर ११,८००च आहेत. बँकेच्या फॉर्म १०९८ वरून, म्हणजे घरकर्जाच्या वार्षिक दाखल्यावरून, घरपट्टी एकदा आली असेल, आणि टाउनशिपची पावती बघून तू पुन्हा भरली असशील. सॉफ्टवेअर बेरजेत चुकत नाही गं, पण एकच पावती दोनदा दिली तर ते दोनदा धरतं. मागच्या वर्षीही असंच झालं असेल. तेव्हा या करांच्या वजावटीची मर्यादा १०,०००ची होती, चूक तिच्यात झाकून गेली. २०२५ साठी ती ४०,००० झाली आहे, आता झाकणार नाही.

आणि गावच्या देवळाची ५१,००० रुपयांची पावती देणग्यांत घालू नकोस. ती मीच हौसेने पाठवली, चूक माझी. तिथे अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेला दिलेलंच चालतं. हे सगळं काढूनही घरकर्जाचं व्याज १९,६०० आहे, म्हणजे ४०,८०० होतात. पावत्या न दाखवता मिळणारी सरसकट वजावट ३१,५००ची. म्हणजे तुमची वजावट तरीही त्याहून जास्तच.

बघ, पुन्हा तेच लिहीत बसलो. रागावू नकोस. अशी सॉफ्टवेअरं तू स्वतः घडवतेस, हे मी बाजारात भेटेल त्याला सांगतो. तुला कळत नाही असं मला कधीच वाटलं नाही.

मार्चअखेरीला मी रोजकीर्द घरी आणायचो, आठवतं? तू आकडे वाचायचीस, मी लाल पेन्सिलीने टिक करायचो. दुसरीत होतीस. एका रात्री म्हणालीस, “बाबा, हे मघाशी वाचलं की.” एकच व्हाउचर दोनदा चढलं होतं. पुढे तू शाळेच्या अभ्यासात गुंतलीस, मी एकटाच टिक करू लागलो, आणि तसंच एक व्हाउचर माझ्या सहीखाली निसटलं. लेखाआक्षेप निघाला. दोन वर्षं खुलासे लिहीत होतो. पैसा कोणी खाल्ला नव्हता, तरी दारात सरकारी पाकीट आलं की आईचे हात थरथरायचे. तू तेव्हा दहावीला होतीस, तुला कळू दिलं नाही.

तिथे तुमच्या दारात तसं पाकीट आलं तर मी एवढ्या लांबून काय करणार?

मेतकूट आणि भाजणी नंदूकाकांच्या सुनेबरोबर पाठवली आहे. जावईबापूंना भाजणीत तिखट कमी लागतं, आईने लक्षात ठेवलंय.

रविवारी फोन कर. मी हा विषय काढणार नाही. फक्त विवरणपत्र भरायच्या १५ तारखेच्या आत फॉर्म १०९८ आणि टाउनशिपची पावती शेजारी शेजारी ठेव, आणि ती ओळ एकदा हाताने बेरीज कर.

तुझे,
बाबा