तात्या, 'बी' बाजू अजून माझ्याकडंच आहे

तात्या,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही. मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांची रांग वाटते. तेव्हा नातीला म्हणावं, जरा मोठ्यानं वाच, आणि मधेच हसू नकोस.

ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरनं खासबागेकडं जाताना एका बोळाच्या तोंडाशी तात्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर बसायचं. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट आणून द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. आता तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात.

१९९० साली मी कागल तालुक्यातनं तालमीत आलो. घरच्या दोन म्हशींचं दूध आणि वडलांची सगळी हौस माझ्या खुराकात चाललेली. आठ महिन्यांत हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उजवा खांदा निखळला. तीन महिने जोर नाहीत, लढत नाही. गावाकडं कळवायची छाती होईना. तालमीत बसून राहिलेल्या पैलवानाइतकं ओशाळं कुणी नसतं. सगळे मातीनं माखलेले आणि आपण कोरडे. म्हणून दुपारी बाहेर पडायचो आणि तुमच्या पायरीवर येऊन टेकायचो.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "अक्षर कसं हाय रं तुझं?"

खांदा गेला होता, बोटं चालत होती. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर गाण्यांची नावं लिहायची, एका कॅसेटमागं आठ आणे. त्या आठ आण्यांची मला किती गरज होती हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्याबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार दारासिंगमुळं. कुठले पिच्चर बघतोस, म्हणालात. मी म्हटलं, दारासिंगचे. सकाळच्या खेळाला आम्ही तालमीतली पोरं जथ्थ्यानं जायचो, कुस्ती लागली की शिट्ट्या आणि गाणं लागलं की बाहेर.

"म्हंजे गाणं लागल्यावर उठून जाणाऱ्यातला तू! बस हितं."

तुम्ही 'लुटेरा'ची रेकॉर्ड काढलीत. मखमलीच्या तुकड्यानं गोल गोल पुसलीत, सुईवर हळूच फुंकर मारलीत आणि सुई टेकवताना श्वास धरलात. तुमच्याबरोबर मीही धरला. 'नींद निगाहों की खो जाती है' सुरू झालं. हा सिनेमा मी दोनदा बघितला होता, तात्या. दोन्ही वेळा या गाण्याला मी बाहेर शेंगदाणे घेत होतो.

मग तुम्हाला जोरच चढला. १९६३ चा 'पारसमणी', बाबूभाई मिस्त्रींचा, सगळा ट्रिक सीनचा जादूमंतर मामला. आणि त्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल संगीतकार म्हणून पहिल्यांदा पडद्यावर. 'झबक' म्हणजे तलवारबाजी आणि पगड्या, पण चित्रगुप्तांचं 'तेरी दुनिया से दूर' त्यातलंच. 'बीस साल बाद' हा भुताटकीच्या भीतीचा सिनेमा, त्यात हेमंतकुमारांनी लताबाईंकडून 'कहीं दीप जले कहीं दिल' गाऊन घेतलेलं. आणि 'रुस्तम सोहराब'. बापाच्या हातून पोटचा पोरगा नकळत मरतो, ती गोष्ट. त्याला संगीत सज्जाद हुसेनचं, उभ्या आयुष्यात मोजकेच सिनेमे केलेल्या तऱ्हेवाईक माणसाचं. सुरैयाचं 'ये कैसी अजब दास्ताँ' तुम्ही त्या दुपारी लागोपाठ तीनदा लावलंत. एक गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं, तरी तुम्ही मान वर केली नाहीत. बापलेकांची कुस्ती म्हटल्यावर मला माझे वडील आठवले. त्याच रात्री घरी पत्र टाकलं की खांदा गेलाय. हे तुम्हाला आज सांगतोय.

असल्या हलक्या पिच्चरला असलं भारी संगीत कसं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही डेकचं हेड स्पिरिटच्या कापसानं पुसत होता. "आरं, निर्मात्याचं सगळं ध्यान घोडा उडतोय का, साप फुत्कारतोय का हिकडं. चालीत नाक खुपसाय त्येला वेळ कुठला? संगीतकाराला रान मोकळं." हे सगळं खरं असेलच असं नाही. पैसे कमी मिळाले म्हणून काम हलकं करायचं नाही, अशी माणसंही असतात. पण तुमचं म्हणणं मी अजून पदरचं म्हणून लोकांना सांगतो.

हनुमान जयंतीची गंमत नातीला जरूर सांगा. आमच्या वस्तादांनी दादा कोंडक्यांचे सिनेमे बघायला बंदी घातलेली. ब्रह्मचर्य मोडतं म्हणे. आणि जयंतीला पहाटेपासून तालमीच्या कर्ण्यावर काय, तर 'अंजनीच्या सुता'! महेंद्र कपूरचा आवाज, रामलक्ष्मणची चाल, आणि सिनेमा दादांचाच, 'तुमचं आमचं जमलं', १९७६ चा. तुम्ही म्हणालात, "जा, वस्तादला इचार, ह्यो भजन कुठल्या देवळातलं?" मी विचारलं नाही. खांदा एकच शाबूत होता.

पैलवान काही मी झालो नाही. तुमच्याकडं वायरी जोडायला शिकलो, मग गणपतीचे साऊंड, मग नाटकं, आता छोट्या सिनेमांचं ध्वनिमिश्रण करतो. पोट भरतं. मागं एक भुताचा सिनेमा आला होता, अगदी बेतास बात. त्यात विहिरीच्या प्रसंगाला संगीत करणाऱ्या पोरानं नुसती बासरी वाजवली होती, चाळीस सेकंद, खालच्या सुरात. निर्माता म्हणाला, इथं दार करकरू दे, किंकाळी टाक, कुत्री भुंकव. मी दार करकरवलं, कुत्रीही भुंकवली, पण ती चाळीस सेकंद झाल्यावर. भांडण झालं. बासरी राहिली. तो सिनेमा कुणी बघितला असेल असं वाटत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती, ती ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारणार. मोरिकोने म्हणून इटलीचा मोठा संगीतकार. १९७७ साली त्यानं 'एक्झॉर्सिस्ट'च्या दुसऱ्या भागाला संगीत दिलं, भूत अंगात येण्याचा सिनेमा, लोकांनी टर उडवली. त्यात एक अंगाईसारखी धून आहे. १९८२ ला 'द थिंग' केला, बर्फातल्या राक्षसाचा, तर वर्षातलं सगळ्यात वाईट संगीत म्हणून थट्टेच्या बक्षिसासाठी नाव निघालं. पुढं 'द हेटफुल एट' नावाच्या सिनेमात ती अंगाई आणि 'द थिंग'साठी करून न वापरलेले तुकडे परत घेतले. त्या सिनेमाच्या संगीताला २०१६ साली ऑस्कर मिळालं. म्हाताऱ्याचं वय तेव्हा ८७. हे सगळं मोबाईलमध्ये भरून आणतोय. नातीचे हेडफोन तयार ठेवा.

येताना ती नव्वद मिनिटांची कॅसेटही आणतो, तालीम सोडून गावी निघालो तेव्हा पैसे न घेता दिलेली. कागदावर अक्षर माझंच आहे. 'बी' बाजूला शेवटी 'वो जब याद आए' आहे, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यात टेप संपते. तीस वर्षं मी ते तेवढंच ऐकलं. गेल्या साली मोबाईलवर पहिल्यांदा अख्खं ऐकलं, तर तुमची टेप जिथं संपते तिथं माझा हात आपोआप कॅसेट काढायला गेला.